घरच्या मशीन शॉपसाठी सामान: आधी काय घ्यायचं, मग काय, आणि काय अजिबात नाही

लेथ (धातूचा गज फिरवत ठेवून कापायचं मशीन) घरी आला आणि पहिल्या रात्री मी त्याच्यासमोर नुसता बसून होतो. चकमध्ये (गज धरून फिरणारी पकड) धरायला गज होता, पण टूल पोस्टमध्ये (टूल धरायची जागा) लावायला टूल, म्हणजे कापायचं हत्यार, नव्हतं. टूल मागवलं तर त्याचं टोक सेंटरला, म्हणजे फिरणाऱ्या गजाच्या बरोबर मधल्या उंचीला, येईना, सेंटरला आणायला खाली घालायच्या पट्ट्या नाहीत, आणि हे सगळं कसंबसं जमवून एकदाचं कापलं तर मोजायला हातात साधी पट्टी. साठवलेले सगळे पैसे मशीनलाच घातले होते ना! पुढचे तीन महिने मग एकेक वस्तू आणत बसलो, त्यातल्या अर्ध्या चुकीच्या.

मी काही शिकलेला टर्नर नाही, हौसेने घरी करणारा माणूस आहे, त्यामुळे कारखान्यात काय चालतं ते इथे सांगत नाहीये. घरी नवीन माणसाचं काम कुठे बिघडतं ते मात्र स्वतः बिघडवून पाहिलंय. मशीन स्वस्तातलं आहे म्हणून काम बिघडलं असं क्वचित होतं, बहुतेक वेळा जॉब (कापायचा तुकडा) नीट धरलेला नसतो, टूलला धार नसते किंवा टोक सेंटरला नसतं, नाहीतर मोजताना घोळ झालेला असतो. पैसे घालायचे ते या तीन गोष्टींवर आधी.

१. बजेटचे दोन भाग करा

मशीनला जेवढे पैसे ठेवलेत तेवढेच साधारण टूलिंगला (टूल, पकडी, मोजायचं सामान) लागतात असं धरून चाला. एकदम नाही लागत, पण वर्षभरात लागतातच. म्हणजे खिशात जेवढे आहेत त्याच्या निम्म्यात बसेल असं मशीन बघा, थोडं लहान चालेल. मोठं मशीन आणि रिकामा ड्रॉवर यापेक्षा लहान मशीन आणि भरलेला ड्रॉवर कधीही बरा.

लेथ आधी की मिलिंग (फिरत्या कटरखाली जॉब सरकवून कापायचं मशीन) आधी, हा प्रश्न सगळे विचारतात. मी म्हणेन लेथ. लेथवर व्हर्टिकल स्लाइड (जॉब वरखाली सरकवायचा जोड) लावून थोडंफार मिलिंग होतं, मिलिंगवर टर्निंग (गज गोल कापणं) करायचं म्हणजे फार खटपट. आणि दोन्हीच्या आधी एक चांगला जड बेंच व्हाइस, हॅक्सॉ, तीनचार कानशी आणि बेंच ड्रिल, कारण मशीनवर चढायच्या आधी आणि उतरल्यावरचं सगळं काम तिथेच होतं. कानशीला मूठ बसवलेली हवीच, उघडं शेपूट तळहातात घुसतं.

२. जुनं मशीन बघायला जाताय तर हे सोबत न्या

डायल (बारीक हालचाल दाखवणारं सुईचं गेज) आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, टॉर्च, हातभर सरळ गज आणि कापड. रंगावर अजिबात जाऊ नका, ताजा रंग बघितला की मला उलट शंका येते.

आधी बेड, म्हणजे ज्यावर टूल सरकतं तो लांब पाया. लेथचा बेड चकजवळच जास्त झिजतो कारण काम तिथेच होतं. सॅडलचा (बेडवर सरकणारा, टूल वाहून नेणारा भाग) लॉक चकजवळ अगदी हलका घट्ट करा, इतका की सॅडल थोडं ओढून सरकेल, आणि मग टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाचा आधार) न्या. वाटेत ते घट्ट होत होत अडकलं तर चकजवळचा बेड बराच खाल्लेला आहे. थोडं झिजलेलं चालतं, अडकूनच बसलं तर सोडून द्या.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. चकमध्ये गज धरा, डायल चकच्या अगदी जवळ गजावर टेकवा आणि गज हाताने वर ओढा, खाली दाबा. सुई हलून पुन्हा जागेवर आली तर ठीक, सैल खडखड असेल तर बेअरिंग बघावं लागेल. हँडलमधला बॅकलॅश (उलटं फिरवताना येणारा मोकळा खेळ) मात्र मनावर घेऊ नका, दहा-पंधरा शतांश मिलिमीटर खेळ जुन्या मशीनला असतोच आणि त्याची सवय होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत काय काय मिळतंय ते बघा. चेंज गिअर (आट्यांचं अंतर बदलायचे सुटे गिअर) पूर्ण आहेत का, फोर जॉ चक (चार जबडे वेगवेगळे सरकणारा) आहे का, चकच्या बॅकप्लेट (चक बसवायच्या तबकड्या), स्टेडी (लांब गजाला आधार), फेसप्लेट (जॉब बोल्टने बांधायची तबकडी). हे नंतर शोधायला गेलं की नाकी नऊ येतात, आणि गिअरचा एक दात तुटलेला असेल तरी आटे पाडायचे वांधे. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंचाचा असेल आणि तुम्हाला मेट्रिक आटे पाडायचे असतील तर १२७ दातांचा गिअर आहे का विचारा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी आणि त्याची पाचपट १२७, म्हणून तो नेमका आकडा. असं मेट्रिक काम करताना हाफ नट (सॅडल लीड स्क्रूला जोडणारा, उघडझाप होणारा नट) मध्येच उघडायचा नाही, मशीन उलटं फिरवून टूल मागे आणायचं.

जुन्या मशीनचे बोल्टही एकदा आटे-गेजने तपासा. व्हिटवर्थने १८४१ मध्ये जो आटा ठरवला त्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६० अंश. नवीन नट दोन फेरे छान जातो आणि मग अडकतो, आपण पाना लावून जोर देतो आणि आटे जातात. माझे गेले आहेत.

३. जागा, वायरिंग, लेव्हल

लहानातला मिनी लेथ सुद्धा चाळीस किलोच्या आसपास असतो, एकट्याने उचलायच्या भानगडीत पडू नका. टेबल जड हवं, हलकं टेबल असलं की चॅटर (कापताना थरथर) होतो आणि आपण टूलला दोष देत बसतो.

मोटरची प्लेट वाचा. थ्री फेज मोटर आणि घरात सिंगल फेज असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा कंट्रोलर) लावता येतो, पण त्यातून निघणारा व्होल्टेज मोटरच्या प्लेटवरच्या व्होल्टेजशी जुळला पाहिजे. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये वेगळा स्विच टाकायचा नाही, चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोलवरूनच. अर्थिंग पक्कं. आणि लाइट जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू होणार नाही असा स्विच लावा. लाइट गेलीय म्हणून आपण चकमध्ये हात घालून जॉब काढत असतो तेव्हाच ती येते. वायरिंग स्वतःला येत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, इथे वाचवलेले पैसे नकोत.

लेव्हलचं काय, तर मशीन पाण्याच्या पातळीत असणं एवढं गरजेचं नाही, बेडला पीळ नसणं गरजेचं आहे. त्याची परीक्षा अशी: साधारण २५ मिमीचा गज चकबाहेर १५० मिमी काढा, टेलस्टॉक न लावता. मधला भाग थोडा बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवा, आणि टूलला हात न लावता दोन्ही कॉलरवरून एकच हलका कट घ्या. मायक्रोमीटरने (शतांश मिलिमीटर मोजायचं उपकरण) मोजा. फरक आला तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पातळ पत्रा घाला, परत कट, परत मोजा. कंटाळवाणं आहे पण एका दुपारचं काम आहे, आणि हे न करता टेपर (एक टोक जाड, एक बारीक) येतोय म्हणून मशीनला शिव्या देणारे बरेच भेटलेत.

४. मोजायचं सामान

इथे स्वस्तात जाऊ नका असं सगळे सांगतात, मी थोडं वेगळं सांगतो. एक वस्तू चांगली घ्या, ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर. बाकी मध्यम चालेल.

डिजिटल व्हर्निअर ०.०१ पर्यंत आकडा दाखवतो म्हणून तो तेवढा अचूक आहे असं समजू नका, दोन-तीन शतांश इकडेतिकडे होतातच. बेअरिंग बसवायची जागा व्हर्निअरने मोजून केली तर बेअरिंग एकतर लोळतं नाहीतर बसतच नाही. लहान भोक व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी मोजलं तर ते आहे त्यापेक्षा कमी दिसतं, कारण जबडे सपाट आणि भोक गोल.

मायक्रोमीटर वापरायच्या आधी दोन्ही तोंडांत कागद हलका धरून ओढून काढा, तोंडं साफ होतात, मग शून्य बघा. रॅचेटनेच (टोकाची कटकट वाजणारी मूठ) बंद करायचा. शिकंजा समजून आवळायचा नाही!

गरम जॉब मोजू नका. मापं सगळी २० डिग्रीला धरलेली असतात. ५० मिमी व्यासाचा ॲल्युमिनियमचा जॉब कट घेऊन ३० डिग्रीने तापला तर तो ०.०३ मिमीहून जास्त फुगलेला असतो, म्हणजे तुम्ही माप बरोबर आणलंत आणि जेवून आलात की जॉब लहान झालेला.

आणि डायल, ०.०१ चा, मॅग्नेटिक स्टँडसकट. हा मोजायला कमी आणि जुळवायला जास्त लागतो, पुढे फोर जॉमध्ये येईलच. एक गुण्या, एक स्टीलची पट्टी, स्क्रायबर, सेंटर पंच, फीलर गेज.

ट्रॅप नंबर एक: क्रॉस स्लाइडच्या (टूल जॉबमध्ये आत-बाहेर नेणारा भाग) हँडलवरचे आकडे. काही मशीनवर एक खूण पुढे गेलं की व्यास तेवढा कमी होतो, काहींवर त्रिज्या तेवढी कमी होते म्हणजे व्यास त्याच्या दुप्पट कमी होतो. माझा पहिला नीट झालेला जॉब मी शेवटच्या कटला असाच घालवला, ०.२ घ्यायचे होते, ०.४ गेले. मशीन आल्या आल्या एक कट घ्या, मोजा, दहा खुणा पुढे जाऊन परत कट घ्या, मोजा, आणि काय निघालं ते मशीनवर मार्करने लिहून ठेवा.

५. जॉब धरायचं सामान

थ्री जॉ चक मशीनसोबत येतो, पटकन धरतो, आणि खोटं बोलतो. ०.०५ ते ०.१ मिमी रन-आउट (फिरताना सेंटर हलणं) त्यात असणं अगदी नॉर्मल आहे. म्हणून जे जे एकमेकांशी सेंटरला हवंय ते एकाच पकडीत करून मगच जॉब काढायचा. काढून उलटा लावला की सेंटर गेलं.

उलटा लावावाच लागला तर फोर जॉ. नवीन लोक याला फार घाबरतात, मीही वर्षभर तो खोक्यातच ठेवला होता. करायचं एवढंच: डायल जॉबवर टेकवा, हाताने चक फिरवून समोरासमोरच्या दोन जॉमधला फरक बघा, त्या फरकाच्या निम्मा एका बाजूने सोडा आणि दुसऱ्या बाजूने आवळा, मग दुसरी जोडी. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल, दहाव्या वेळी तीन मिनिटं. चौकोनी जॉबही यातच धरला जातो.

जॉब चकच्या बाहेर व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त निघत असेल तर टेलस्टॉकचा आधार द्या, त्यासाठी लाइव्ह सेंटर (जॉबसोबत फिरणारं टोक) आणि सेंटर ड्रिल (त्या टोकासाठी भोक पाडायचं) लागतं. टेलस्टॉकला १३ मिमीचा ड्रिल चक लागतो, घेताना मोर्स टेपर (मागच्या निमुळत्या दांड्याचं माप) कितीचा ते बघून घ्या, लहान मशीनला बहुधा २ असतो पण बहुधावर विसंबू नका.

मिलिंग घेतलं असेल तर मशीन व्हाइस, पॅरललची जोडी (जॉबखाली घालायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या), टी-नट आणि क्लॅम्पचा किट, आणि ईआर कोलेट (कटर सगळीकडून आवळून धरणारी नळी). एंड मिल (बाजूनेही कापणारा कटर) ड्रिल चकमध्ये लावायची नाही, कधीच नाही. ड्रिल चक सरळ खालच्या दाबासाठी असतो, बाजूचा जोर आला की टेपरमधून निसटतो, आणि तो फिरता चक मग खोलीत कुठेही जातो. ईआर कोलेट आधी नटमध्ये टक् असा आवाज येईपर्यंत तिरका करून बसवायचा, मग नट होल्डरवर. आधी कोलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवला तर कोलेट वाकडा धरतो आणि काढताना आतच अडकून बसतो.

बॅकलॅश असलेल्या मशीनवर क्लाइंब मिलिंगही (कटरचे दात फिरतात त्याच दिशेला जॉब सरकवणं) करू नका, कटर जॉबला स्वतःकडे ओढून घेतो आणि एंड मिल तुटते. फीड नेहमी कटरच्या दाताविरुद्ध.

६. कापायचं सामान

आधी क्विक चेंज टूल पोस्ट (टूल पटकन बदलता आणि वरखाली करता येणारी). सुरुवातीला चैन वाटते, पण पट्ट्या घालून सेंटर जुळवण्यात जी संध्याकाळ जाते ती यात वाचते. घेताना टूलची जाडी बघा. कंपाउंडच्या (क्रॉस स्लाइडवरची, टूल पोस्ट धरणारी छोटी स्लाइड) वरच्या पृष्ठभागापासून सेंटरपर्यंतचं अंतर मोजा, त्यात होल्डरचा तळ आणि टूलची शँक (दांडा) दोन्ही बसायला हवं. मी मजबूत असेल म्हणून १६ मिमी शँकचं टूल घेतलं आणि ते सगळ्यात खाली बसवूनही सेंटरच्या वरच राहिलं. लहान लेथला ८ किंवा १० मिमी, थोड्या मोठ्याला १२.

सेंटर बघायची सोपी युक्ती: गोल गज चकमध्ये धरा, गज आणि टूलच्या टोकाच्या मध्ये पातळ स्टीलची पट्टी हलकी दाबून धरा, मशीन बंद असताना. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर टूल वर आहे. फेसिंग (गजाचं तोंड सपाट कापणं) करून मधोमध बोंड उरलं तरी समजायचं सेंटर चुकलंय.

टूल एचएसएस (हाय स्पीड स्टील) की कार्बाइड (त्याहून कडक मटेरियल)? दोन्ही घ्या पण वेगवेगळ्या कामाला. एचएसएसची चौकोनी कांडी आणि बेंच ग्राइंडर असला की हवा तो आकार करता येतो, धार तीक्ष्ण येते, लहान मशीनला ती हलकी जाते. धार लावायला शिकायला दोन-तीन कांड्या वाया जातात, जाऊ द्या. ग्राइंडरचा रेस्ट आणि चाक यांत ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, चालू करताना चाकासमोरून बाजूला उभं राहा, आणि ॲल्युमिनियम त्या चाकावर घासू नका, चाक बुजतं.

कार्बाइड इन्सर्ट (होल्डरवर लावायचा सुटा धारेचा तुकडा) घेताना नावातली अक्षरं वाचायला शिका, पैसे वाचतात. सीसीएमटी ०६०२०४ घ्या उदाहरणाला. पहिला सी म्हणजे ८० अंशाचा आकार, दुसरा सी म्हणजे खाली ७ अंशाचा क्लिअरन्स (टूल जॉबला घासू नये म्हणून सोडलेला उतार), शेवटचे ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिमी. त्या गोलाईपेक्षा कमी खोल कट घेतला की इन्सर्ट कापण्यापेक्षा जास्त घासतो आणि फिनिश खडबडीत येते, म्हणून लहान मशीनला ०४ किंवा ०२ वालाच बरा. दुसऱ्या अक्षराच्या जागी एन असेल, सीएनएमजीसारखा, तर क्लिअरन्स शून्य आहे, तो जोर मागतो, घरच्या मशीनला नको. सीसीजीटी हा ॲल्युमिनियमसाठी चकचकीत तीक्ष्ण धारेचा येतो, पण लहान लेथवर मी तो स्टीलला पण हलक्या कटसाठी वापरतो आणि खुश आहे.

स्पीडचं गणित पाठ करा: आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड गुणिले ३२० भागिले व्यास. एचएसएसने एमएस (साधं माइल्ड स्टील) कापताना स्पीड मिनिटाला २५ मीटर धरा, म्हणजे २५ मिमीच्या गजाला ३२० आरपीएम, आणि ६ मिमीच्या ड्रिलला १३०० च्या आसपास. बीडाला २०, स्टेनलेसला १०–१५, पितळेला ५०, ॲल्युमिनियमला ६० आणि वर. कार्बाइडला याच्या तीनचार पट.

पार्टिंग, म्हणजे पातळ पातीने जॉब कापून वेगळा करणं. यावर सगळ्यांची टूल तुटतात. माझी पहिली पाती तुटली तेव्हा तिचा तुकडा मागच्या भिंतीत गेला होता, डोळ्यावर चष्मा होता म्हणून हे लिहितोय. चकच्या जितकं जवळ कापता येईल तितकं कापा, पाती होल्डरबाहेर लागेल तेवढीच काढा, सेंटर अगदी बरोबर, पाती जॉबला काटकोनात, सॅडल लॉक, कंपाउंडचा जिब (खेळ काढायची पट्टी) घट्ट, स्पीड टर्निंगच्या निम्मा, तेल भरपूर. आणि घाबरून फीड थांबवायचा नाही, थांबवला की पाती घासते, तापते, मग अडकते. सलग हळू आत जात राहायचं.

७. ड्रिल आणि आटे

१ ते १३ मिमी, अर्ध्या अर्ध्या मिमीचा ड्रिल सेट सगळे आधी घेतात. मग एम ४ चा (४ मिमीचा मेट्रिक) आटा पाडायचा म्हणतात आणि ड्रिल हवं ३.३ चं, ते सेटमध्ये नाही. एम ५ ला ४.२, एम ८ ला ६.८. नाही, नाही, नाही. त्यात फक्त एम ३ चं २.५, एम ६ चं ५ आणि एम १० चं ८.५ सापडतं. १ ते १० मिमी, ०.१ च्या टप्प्याचा सेट घ्या, नाहीतर ३.३, ४.२ आणि ६.८ चे हे तीन ड्रिल सुटे घेऊन टॅपच्याच (भोकात आटे पाडायचं हत्यार) डब्यात ठेवा. मी टॅप आणि त्याचं ड्रिल एकाच रबर बँडमध्ये ठेवतो.

टॅप चांगल्या कंपनीचे एचएसएसचे घ्या, सगळे आकार एकदम असलेला स्वस्त पेटीतला सेट नको. त्यातले निम्मे आकार आयुष्यात लागत नाहीत आणि जो लागतो तो पहिल्यांदा तुटतो. हाताने पाडताना अर्धा-एक फेरा पुढे, पाव मागे, चिप तुटल्याचं हाताला कळतं. टॅप सरळ जाण्यासाठी लेथवर टेलस्टॉकच्या सेंटरने किंवा बेंच ड्रिलच्या चकने (मोटर बंद, प्लग काढून) टॅपच्या मागच्या टोकाला आधार द्या. आरपार भोक असेल तर स्पायरल पॉइंटचा टॅप, तो चिप पुढे ढकलतो. बंद भोक असेल तर स्पायरल फ्लूटचा, तो चिप वर आणतो. दोन्हींची अदलाबदल केली की बंद भोकात कीस कोंबला जातो आणि टॅप आतच राहतो.

तुटलेला टॅप ड्रिलने काढता येत नाही, तो ड्रिलइतकाच कडक असतो. जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर तुरटीचं दाट द्रावण करून गरम ठेवा आणि जॉब त्यात बुडवा, तुरटी स्टीलचा टॅप खाते आणि ॲल्युमिनियमला फारसा धक्का लावत नाही. साध्या कार्बन स्टीलचा टॅप लवकर जातो, एचएसएसला वेळ लागतो, दोन दिवसही लागू शकतात, धीर धरा. जॉब स्टीलचा असेल तर हे करायला जाऊ नका, टॅपच्या आधी जॉब जाईल.

पितळेत ड्रिल मारताना ते अचानक खाली ओढलं जातं आणि जॉब हातातून हिसकावतं. कटिंग एज दगडावर थोडी बोथट, म्हणजे सपाट करून घ्या, आणि जॉब कधीही हातात धरू नका.

८. तेल, रॉकेल आणि गंज

बेडला स्लाइडवे ऑइल, व्हीजी ६८ (तेलाच्या जाडीचा नंबर). हे चिकटून राहतं. गाडीचं इंजिन ऑइल टाकू नका, त्यातलं डिटर्जंट घाण तेलात तरंगत ठेवतं आणि ती घाण स्लाइडखाली फिरत राहते. हेडस्टॉकमध्ये काय घालायचं ते मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा.

कापताना: स्टीलला कटिंग ऑइल ब्रशने, ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल, पितळ कोरडं, बीड कोरडं. बीडाची काळी पूड बेडवर रेगमालासारखं काम करते, बेड झाकून कापा आणि लगेच पुसा. पाण्यात मिसळायचं कूलंट घरी मी वापरत नाही, आठवडाभर मशीन बंद राहिलं की वास मारतं आणि चकखाली गंज.

साफ करायला ब्रश. हवेने फुंकायचं नाही, कीस स्लाइडच्या आत जातो, नाहीतर डोळ्यात.

ॲसिड किंवा फेरिक क्लोराइडची बाटली मशीनच्या खोलीत ठेवू नका, बूच घट्ट असलं तरी. एकदा मी सर्किट बोर्ड करायला आणलेली बाटली कपाटात ठेवली आणि महिन्याभरात त्या कपाटातल्या सगळ्या ड्रिलवर तांबूस थर. नुसती वाफ पुरते.

९. धातू कुठला आणायचा

शिकताना भंगारातला अनोळखी गज नको. बांधकामाचा सळईचा तुकडा तर नकोच, मध्येच कडक ठिपका लागतो आणि धार जाते. शिकायला फ्री कटिंग स्टील म्हणजे ईएन १ए नाहीतर १२एल१४, ॲल्युमिनियम ६०८२ किंवा ६०६१, पितळेचा गज. साधा हॉट रोल्ड एमएस कापताना फाटल्यासारखी फिनिश येते, तेव्हा तुमचा हात वाईट नसतो, मटेरियल तसं असतं. नवीन माणूस इथेच निराश होतो.

ब्राइट बार (चकचकीत तयार गज) दिसायला छान, मापात, पण त्यात ताण कोंडलेला असतो. एकाच बाजूने मिलिंग केलं की केळ्यासारखा वाकतो. मॅग्नेशियम सध्या आणूच नका, त्याची बारीक चिप पेट घेते आणि पाणी टाकलं की आणखी भडकते.

१०. हात, डोळे, बाह्या

सेफ्टी चष्मा, मशीन चालू असो वा नसो. फिरत्या मशीनजवळ हातमोजे नाहीत, कारण मोजा अडकला की हात सोबत जातो. अंगठी, घड्याळ, लांब बाह्या, हूडीची दोरी, मोकळे केस, सगळं बाजूला. लांब वेटोळ्याची चिप हाताने ओढायची नाही, ती ब्लेड आहे, मशीन थांबवा आणि हुकने काढा. चकची चावी चकमध्ये असताना हात चावीवरच, हात सोडायचा तर चावी बाहेर. ही एक सवय पहिल्या दिवसापासून लावा, कारण चावीसकट चालू झालेला लेथ चावी कुठे फेकेल सांगता येत नाही.

पहिल्या खेपेची यादी

- मायक्रोमीटर ०–२५, व्हर्निअर, डायल आणि स्टँड, पट्टी, गुण्या
- फोर जॉ चक, लाइव्ह सेंटर, १३ मिमी ड्रिल चक, सेंटर ड्रिल दोनतीन (टोक तुटतं, एकावर राहू नका)
- क्विक चेंज टूल पोस्ट आणि किमान चार होल्डर
- एचएसएसच्या कांड्या, एक सीसीएमटी होल्डर आणि एक खोका इन्सर्ट, पार्टिंगची पाती
- ड्रिल सेट, एम ३ ते एम ८ टॅप, टॅप रेंच
- बेंच ग्राइंडर, कानशी, हॅक्सॉ, बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढायचं टूल
- स्लाइडवे ऑइल, कटिंग ऑइल, ब्रश, चष्मा

डिजिटल रीडआउट, रोटरी टेबल, बोरिंग हेड, डिव्हायडिंग हेड हे सगळं आत्ता नको. कामाने मागितलं की घ्या, तोपर्यंत तुम्हाला कळलेलंही असेल की नेमकं कुठलं हवंय.

११. पहिला जॉब

शोभेचं काही करू नका, सेंटर गेज (टूलचं टोक सेंटरला लावायचा ठोकळा) करा. चकमध्ये गज धरून त्याच्यावर हलका कट घ्या आणि व्यास मोजून ठेवा. आता क्रॉस स्लाइडच्या सपाट भागापासून त्या गजाच्या वरच्या कडेपर्यंतची उंची व्हर्निअरच्या डेप्थ रॉडने किंवा हाइट गेजने मोजा, त्यातून व्यासाचा निम्मा भाग वजा करा. जो आकडा उरला ती तुमच्या मशीनची क्रॉस स्लाइडपासूनची सेंटर हाइट. तेवढ्याच उंचीचा एक ठोकळा टर्न करा, खाली रुंद, वर निमुळता, दोन्ही तोंडं फेस केलेली. पहिलं तोंड फेस करून जॉब उलटा लावला की शेवटचे शतांश हळूहळू काढत मायक्रोमीटरने आणायचे. उंची २५ च्या पुढे असेल तर पुढचा मायक्रोमीटर उसना आणा, नाहीतर व्हर्निअरने जमेल तेवढं. तो ठोकळा क्रॉस स्लाइडवर ठेवला की टूलचं टोक त्याच्या वरच्या पृष्ठभागाला बोटाने लावून बघायचं, बस, पट्टीचा खेळ संपला. माझा पहिला पाच शतांशने आखूड झाला होता, त्याच्यावर तसं खोदून ठेवलंय आणि अजून तोच वापरतोय.